आईला चढता येईल अशी वाळवंटातली गाडी

शारजा विमानतळाच्या पार्किंगमधे आई गाडीपाशी आली, दाराच्या आतल्या हँडलला हात घातला, एक पाय उचलला आणि परत खाली ठेवला. दुसऱ्यांदा प्रयत्न केला, तेव्हाही गुडघा तेवढा वर जाईना. दोन वर्षांपूर्वी तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. मला म्हणाली, "अरे, एवढ्या उंच गाडीत मी कशी चढू? टॅक्सी बघ ना." शेवटी एक बॅग आडवी टाकली, त्यावर तिला उभं केलं आणि मी मागून आधार दिला, तेव्हा कुठे ती सीटवर बसली. बाबा तोवर काहीच बोलले नाहीत, ते उकिडवे बसून गाडीच्या खाली बघत होते. मला मात्र ते फार लागलं. त्या गाडीवर मी आठ महिने पगारातले पैसे घालत होतो आणि ज्यांना घेऊन फिरायचं म्हणून ती घेतली, त्यांनाच तिच्यात बसता येईना.

गाडी म्हणजे निसान पॅट्रोल, २०१४ ची, जिला इकडे सगळे वाय६२ म्हणतात. सेकंडहँड घेतली. ५.६ लिटरचं व्ही८ इंजिन, तीन रांगा सीट, आणि १४० लिटर पेट्रोल मावतं. आपल्याकडे इनोव्हा जशी दारोदारी दिसते तशी इकडे पॅट्रोल आणि लँड क्रूझर, शाळेच्या गेटवर रांगच असते त्यांची. मी पॅट्रोलच का घेतली याचं खरं कारण बाबा. बाबा सैन्यात ड्रायव्हर होते आणि त्यांनी बरीच वर्षं जोंगा चालवली. खूप जणांना माहीत नसतं, पण आपल्या लष्कराची जोंगा म्हणजे जुनी निसान पॅट्रोलच, पी६० मॉडेल, जबलपूरच्या कारखान्यात बनायची, १९९९ पर्यंत बनत होती. लहानपणी आमच्या साताऱ्याच्या घरात बाबांचा जोंगाबरोबरचा एक फोटो होता, एक पाय फूटबोर्डवर ठेवलेला. त्यामुळे इथे आल्यावर पैसे जरा साठले तसं मनात पक्कं होतं, घेतली तर पॅट्रोल.

आता वाळवंटाबद्दल. इथे ऑक्टोबर ते एप्रिल लोक शनिवार-रविवारी गाड्या घेऊन वाळूत जातात. शारजातून मलेहा तासाभरात येतं, तिथे फॉसिल रॉकच्या आजूबाजूला लाल वाळूच्या टेकड्या आहेत, आणि हत्ताच्या रस्त्याला अल बदायरला बिग रेड नावाची मोठी ड्यून, म्हणजे वाळूची टेकडी. त्याहून मोठं काम म्हणजे लिवा, अबू धाबीच्या दक्षिणेला, रब अल खाली या अफाट वाळवंटाच्या कडेला, तिथला तल मोरीब तर जवळजवळ ३०० मीटर उंच आहे. लिवाला मी अजून गेलो नाही, गाडी आणि मी दोघंही तयार झालो की जाणार.

पहिल्यांदा गेलो तेव्हा गाडीत काहीही बदललेलं नव्हतं, २० इंची चाकं होती, आणि पहिल्याच टेकडीवर बसलो वाळूत. बरोबर आलेल्या ग्रुपमधल्या एका अनुभवी माणसाने येऊन फक्त एकच विचारलं, हवा किती आहे? डांबरी रस्त्यावर ३५ पीएसआय असते ती वाळूत १५ च्या आसपास आणायची. मला वाटायचं की हवा कमी केली की टायर रुंद होतो म्हणून चालतं, पण तो रुंद थोडासाच होतो, मुख्यतः लांब होतो, जमिनीला टेकणारा पट्टा पुढे-मागे पसरतो आणि गाडीचं पावणेतीन टन वजन जास्त वाळूवर वाटलं जातं, म्हणून चाक खणत न बसता वरून तरंगत जातं. मी १८ पर्यंत उतरवली होती, त्याने आणखी तीन उतरवली आणि तीच गाडी, तोच ड्रायव्हर, तीच टेकडी, सरळ वर. एक दिरहमचासुद्धा खर्च नाही. त्याच दिवशी मला कळायला हवं होतं, पण मी घरी येऊन मॉडिफिकेशनचे व्हिडिओ बघत बसलो.

मग इंडस्ट्रियल एरियातल्या एका वर्कशॉपमधे गेलो. त्यांनी सांगितलं, तीन इंच लिफ्ट करू, म्हणजे गाडी तेवढी उंच करू, ३५ इंची टायर टाकू, साइड स्टेप म्हणजे दाराखालची पायरी काढू, पुढे स्टीलचा बंपर आणि वर रॅक. मी सगळ्याला हो म्हटलं. गाडी दिसायला जबरदस्त झाली, खोटं कशाला सांगू, पोरं तर शाळेत मित्रांना फोटो दाखवत होती.

दोन महिन्यांत डाव्या पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला सगळीकडे काळं ग्रीस उडालेलं दिसलं. ॲक्सलच्या जॉइंटवर रबराचं घडीघडीचं बूट असतं ते फाटलं होतं. नंतर दुसऱ्या एका गॅरेजमधल्या केरळच्या मेकॅनिकने, ज्यांना मी चेट्टा (मल्याळममधे दादा) म्हणतो, गाडी लिफ्टवर घेऊन मला खाली उभं करून समजावलं. जुन्या पॅट्रोलला, म्हणजे वाय६१ ला, जिला इकडे सुपर सफारी म्हणतात, पुढे-मागे सलग अख्खी ॲक्सल आहे. तिला चार इंच उचललं तरी चाक आणि डिफरन्शियल, म्हणजे इंजिनची ताकद दोन चाकांना वाटून देणारा गिअरचा डबा, एकत्रच राहतात. वाय६२ ला चारही चाकं स्वतंत्र, डिफरन्शियल चेसिसला बांधलेलं. गाडी उचलली की डिफरन्शियल वर जातं, चाक खालीच राहतं आणि मधला शाफ्ट सतत तिरका फिरतो, त्याचं बूट स्वतःवरच घासतं आणि फाटतं. पहिल्या वर्कशॉपने जुन्या गाडीचा हिशोब नव्या गाडीला लावला होता. अलाइनमेंटही जागेवर येत नव्हती, टायरची आतली कड बोट फिरवलं तर साफ गुळगुळीत लागत होती.

आणि ३५ इंची टायरचं अजून एक, मूळ टायरचा व्यास ८३८ मिलिमीटर, याचा ८८९. म्हणजे मीटर १०० दाखवतो तेव्हा गाडी १०६ ने पळत असते. शिवाय इथे परवानगी न घेता इंजिन किंवा चेसिसमधे बदल केला तर १००० दिरहम दंड, लायसन्सवर १२ ब्लॅक पॉइंट आणि ३० दिवस गाडी जप्त, आणि वर्षाला मुल्किया, म्हणजे गाडीचं रजिस्ट्रेशन, रिन्यू करताना पासिंगला गाडी दाखवावीच लागते. हे मला आधी कोणी नीट सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्यामुळे जे कोणी इकडे नवीन येतायत आणि गाडी करायचा विचार करतायत त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे, आधी टेस्टिंग सेंटरला जाऊन काय चालतं ते विचारा, मग वर्कशॉपला.

तर आई आली ती या अवस्थेतल्या गाडीत. लिफ्टचे तीन इंच आणि मोठ्या टायरमुळे अजून एक, असा दाराचा उंबरा चार इंचांनी वर गेला होता आणि पायरीही नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेता घेता बाबा म्हणाले, "जोंगाला आम्ही काही लावत नव्हतो रे. टायर, दोर, फावडं आणि पाणी. बाकी ड्रायव्हर." आणि मग हळूच, "तुझ्या आईला चढता आलं पाहिजे एवढं बघ." मी त्याच आठवड्यात चेट्टाकडे गेलो आणि सगळं परत उलगडलं.

आता गाडीत काय आहे ते सांगतो. चाकं २० इंचाची काढून १८ ची घेतली, टायर २७५/७०. याची गंमत अशी की बाहेरचा व्यास जवळपास मूळच्या २७५/६० एवढाच राहतो, त्यामुळे मीटर खोटं बोलत नाही, पण रबराची भिंत १६५ मिलिमीटरवरून १९२ होते. हवा कमी केल्यावर जे पसरतं, वाकतं ते हीच भिंत, त्यामुळे वाळूत सगळा फायदा इथे मिळतो. टायर ऑल टेरेन, फार खोल नक्षीचे चिखलाचे नाहीत, कारण ते वाळू खणतात. लिफ्ट फक्त दीड इंच, तीही थोड्या कडक स्प्रिंगने, म्हणजे सात माणसं बसली तरी मागून गाडी बसत नाही आणि शाफ्टही फार तिरका होत नाही. गिअरबॉक्सला वेगळा ऑइल कूलर लावला आणि माझ्या मते टायरनंतर हाच सगळ्यात मोलाचा खर्च, कारण वाळूत इंजिन जीव तोडून ओढत असतं, वेग मात्र जेमतेम, वारा लागत नाही आणि गिअरबॉक्सचं तेल तापत जातं.

पुढे आणि मागे चेसिसला बोल्ट केलेले मजबूत रिकव्हरी हुक, अडकलेली गाडी ओढून काढायला. हे मी कुठेही तडजोड न करता सांगतो. गाडी जहाजावर बांधण्यासाठी कंपनीने दिलेले छोटे डोळे, म्हणजे कड्या, असतात किंवा ट्रेलर जोडायचा मागचा टो बॉल असतो, त्याला दोर लावून अडकलेली गाडी झटक्याने ओढायची नाही, कधीच नाही. तो तुटला तर लोखंडाचा गोळा बंदुकीच्या गोळीसारखा येतो, समोरच्या गाडीच्या काचेतून आत. त्या काचेमागे कोणाची तरी पोरं बसलेली असतात.

स्टीलचा बंपर काढला, पुढचं वजन कमी झालं. छतावरचा रॅक काढला आणि रूफटॉप टेंट घ्यायचा बेतही सोडला. ड्यूनवर चढता चढता मधेच गाडी थांबली तर नियम असा की स्टिअरिंग न वळवता सरळ रिव्हर्समधे खाली यायचं, आडवी झाली की उलटते. अशा वेळी डोक्यावर ७०-८० किलो असणं मला मंजूर नाही. विंच, म्हणजे दोर गुंडाळून गाडी ओढणारी मोटर, तीही नाही, वाळवंटात दोर बांधायला असतंच काय. त्याऐवजी वाळूत चाकाखाली घालायच्या पाट्या, काइनेटिक म्हणजे ताणला जाणारा दोर, फावडं, एअर कंप्रेसर, आग विझवायचं सिलिंडर, वॉकीटॉकी आणि उंच काठीवर केशरी झेंडा, जो टेकडीच्या पलीकडून येणाऱ्याला आपण दिसायच्या आधी दिसतो.

आणि साइड स्टेपची अडचण चेट्टाने सोडवली. मूळ प्लॅस्टिकची पायरी ड्यूनच्या धारेवर पहिल्यांदा आपटली की तुटते, म्हणून सगळे ती काढतात. त्याने चेसिसला घट्ट बसणारे जाड पाइपचे स्लायडर लावले, दाराखाली, पाऊल मावेल एवढे बाहेर. गाडी कड्यावर टेकली तर वजन तेच झेलतात आणि एरवी ती आईची पायरी. वजन वाढलं, वाढू दे. त्यावर सँडपेपरसारखी खरखरीत पट्टी चिकटवली, चप्पल घसरू नये म्हणून. आई आता एका दमात चढते, आधी डावा पाय, मग हँडल, मग "झालं".

त्या वर्षी, म्हणजे २०२३ ला, दसरा २४ ऑक्टोबरला होता. दुबईच्या बाजारातून झेंडू आणला, बिल्डिंगच्या पार्किंगमधे गाडी धुतली, आईने बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चारी चाकांना हळदकुंकू लावलं. बाबांनी फावड्याला आणि दोराच्या पिशवीलाही लावायला लावलं. आणि येणाऱ्या शनिवारी आम्ही सहाच्या सहा जण मलेहाला गेलो.

डांबर संपतं तिथे हवा काढायला थांबलो. बाबांनी माझ्या हातातून गेज घेतलं. व्हॉल्व्हच्या टोप्या काढून त्यांनी शर्टाच्या खिशात टाकल्या, प्रत्येक चाकाशी वाकून सूं आवाज ऐकत, मधेमधे थांबून आकडा बघत, "सोळा... पंधरा, बस." टायर खाली पोळीच्या काठासारखा फुगीर झाला की तळव्याने दाबून बघायचे. मग चारही चाकांचे नट एकेक करून हाताने चाचपले, आणि मगच म्हणाले, चल.

फार मोठ्या टेकड्या केल्याच नाहीत. गाडी सँड मोडवर, फोर हाय म्हणजे चारही चाकांना ताकद, मोकळ्या उतारावरून हळू. पोरं ओरडत होती, आई डोळे मिटून हँडल धरून बसलेली, पण थांब म्हणाली नाही. दुपारी जेवायला एका झाडाखाली थांबलो. इकडे त्याला गाफ म्हणतात, अमिरातीचं राष्ट्रीय झाड आहे ते, कितीतरी खोलवरचं पाणी ओढतं, उंट जिथपर्यंत मान पोचते तिथपर्यंत खालून पाला खाऊन टाकतात म्हणून लांबून छत्रीसारखं दिसतं. मी दोन वर्षं त्याच्या सावलीत बसतोय. आई खाली उतरली, फांदी जवळ ओढून बारीक पानं बघितली, काटा बघितला आणि म्हणाली, "अरे ही तर शमी."

खरंच तीच आहे. गाफ म्हणजे आपली शमी, दसऱ्याला जिची पूजा करतो ती. झाड तोडायला इथे मनाई आहे हे मी सांगितलं, तर ती म्हणाली तोडायची कशाला, खाली पडलीयत ना. तिने वाळूतली सुकी पानं वेचून पदराच्या टोकाला बांधली, बाबांच्या हातात दोन दिली, पोरांना दिली, आणि चार पानं घेऊन स्लायडरवर पाय ठेवून वर चढली, डॅशबोर्डवरच्या गणपतीसमोर ठेवली. अजून तिथेच आहेत, मी गाडी आतून पुसताना ती उचलतो आणि परत ठेवतो.

येताना रस्त्याच्या कडेला कंप्रेसर लावून हवा भरली, वीस-पंचवीस मिनिटं लागतात चार टायरना. तोवर बाबांनी खिशातून टोप्या काढल्या, मोजल्या, चारच्या चार होत्या.