आयटीआयची शिष्यवृत्ती: मंजूर झाली, पण हातात आली नाही

मी नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यातला, पावरा या आदिवासी समाजाचा. दहावीनंतर नाशिकला सातपूरच्या आयटीआयत फिटर ट्रेडला नंबर लागला. प्रवेश, जातीचा दाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला हे सगळं सुरळीत झालं. आदिवासी वसतिगृहाच्या यादीत मात्र नाव आलं नाही. गावाकडच्या पोरांबरोबर खोली घेतली, आणि खानावळीचा हिशेब महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरच्या शिष्यवृत्तीवर येऊन ठेपला.

अर्ज मंजूर झाला. तरी सातपूरच्या बँकेतल्या माझ्या खात्यात रुपया नाही. आयटीआयत म्हणायचे, "आमच्याकडून गेलंय." बँकेत म्हणायचे, "आधार लिंक आहे, जा." खानावळवाल्या मावशी काही बोलायच्या नाहीत, पण वही उघडी ठेवायच्या.

शेवटी आमच्या निदेशक सरांनी मोबाइलवर आधारच्या साइटला बँक सीडिंग स्टेटस, म्हणजे आधारला कोणती बँक जोडलीय ते, उघडलं. तिथे भलत्याच बँकेचं नाव! आश्रमशाळेत साबण-तेलाचे, गणवेशाचे पैसे यायचे, त्यासाठी शाळेने उघडलेलं ते खातं. सरकार पैसे आधार नंबरवर सोडतं, आणि त्या नंबरला एनपीसीआयकडे (बँकांमधले ऑनलाइन व्यवहार चालवणारी संस्था) जी बँक जोडलेली असेल तिथेच ते पडतात. अर्जात काय लिहिलंय याने फरक पडत नाही.

म्हणजे पैसे गावाकडच्या शाखेत. मी रात्रीच्या एसटीने निघालो. शाखेत कळलं, खातं निष्क्रिय, केवायसी करा. केवायसीला गेलो तर साहेब रजेवर. पुन्हा गेलो तर लिंक फेल. दूरच्या पाड्यांवरून आलेल्या म्हाताऱ्या बायका सकाळपासून ओट्यावर बसून होत्या, कुणी त्यांना परत कधी यायचं तेही सांगत नव्हतं. त्याचा राग मला अजून आहे. इकडे परीक्षेला बसायला 80 टक्के हजेरी लागते. कानस मारून जॉब, म्हणजे हातातला लोखंडी तुकडा, काटकोनात आणायचा, ट्राय स्क्वेअर (काटकोन तपासायचं साधन) लावल्यावर खालून उजेड दिसता कामा नये, हे हाताला वळण लागल्याशिवाय येत नाही. एक आठवडा हात सुटला की फरक कळतो. ते नुकसान कोण भरून देणार?

पैसे निघाले तेव्हा आधी मावशींची वही मिटवली. मग सातपूरच्या बँकेत आधार सीडिंगचा संमती फॉर्म भरला, त्यावर शिक्का मारलेली पोच घेतली, आणि स्टेटस बदललेलं स्वतः बघितलं.

गावाकडून येणाऱ्या पोरांनो, प्रवेश मिळाल्याबरोबर हे स्टेटस तपासा. ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवरच येतो, तो नंबर बंद असेल तर आधी आधार केंद्रात बदलून घ्या. बँक दाद देत नसेल तर पोस्टात जा, पोस्ट पेमेंट्स बँकेत आधार जोडूनच खातं उघडून मिळतं. आणि हो, मंजुरीनंतरही महाडीबीटीच्या लॉगिनमध्ये काही करायचं बाकी आहे का ते बघत राहा. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाचा अर्ज वेगळा भरायचा, तो आपोआप होत नाही.