आमची वाटचाल : ‘किती जीबी?’ हे सगळ्यात शेवटी

नाशकात आम्ही रॅमचं, म्हणजे कम्प्युटरच्या मेमरीचं, काम सुरू केलं ते डीडीआर२ या जुन्या पिढीच्या रॅमच्या दिवसांत. तेव्हा गिऱ्हाईक विचारायचं, “दोन जीबीचे किती होतील?” आज दोनाचे सोळा झालेत, प्रश्न तोच आहे. आमचं उत्तर मात्र बदललं : आधी मदरबोर्डाचं मॉडेल सांगा.

हा धडा इंटेलच्या जी४१ चिपसेटने (बोर्डावरच्या मुख्य नियंत्रक चिपांनी) दिला. सीए ऑफिसांत आणि झेरॉक्सच्या दुकानांत या चिपसेटचे बोर्ड वर्षानुवर्षं चालले. त्यांच्यापैकी डीडीआर३वाल्यांत चार जीबीची नवी रॅम स्टिक घातली की खाच बरोबर जुळते, क्लिप लागते आणि स्क्रीन काळीच राहते. हा चिपसेट २ गिगाबिटपेक्षा (८ गिगाबिट म्हणजे १ जीबी) मोठी चिप ओळखत नाही. म्हणून चार जीबीची स्टिक दोन्ही बाजूंना मिळून १६ चिपांची लागते. एकाच बाजूला ८ चिपा असल्या तर परत ठेवा. तरी नुसत्या चिपा मोजून भागत नाही. बाजारात ‘फक्त एएमडीसाठी’ म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या स्टिकवरही १६ चिपा असतात, पण त्या ×४ जातीच्या (एका वेळी ४ बिट देणाऱ्या), आणि इंटेलचा बोर्ड त्यावर उठत नाही. तेव्हापासून जुन्या मशीनची रॅम आम्ही त्याच बोर्डावर लावून बघितल्याशिवाय देत नाही.

‘पीसी स्लो झालाय’ म्हणून येणाऱ्यांना आधी टास्क मॅनेजर उघडायला लावतो. मेमरी निम्म्यावर आणि डिस्क १०० टक्के असेल, तर रॅम टाकून काही होणार नाही. हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका. विंडोज ३२ बिट असेल तर चार जीबीच्या वरचे पैसे वाया.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांतले सर्व्हर आले आणि लेबल वाचणं हेच मुख्य काम झालं. समजा लिहिलंय ‘१६जीबी २आर×४ पीसी४-२४००टी-आर’. २आर म्हणजे दोन रँक (एकदम वापरले जाणारे चिपांचे गट), ×४ ही चिपची रुंदी, पीसी४ म्हणजे डीडीआर४, आणि वेगाच्या ‘२४००टी’नंतर डॅशपुढचं अक्षर सगळ्यात महत्त्वाचं. ‘आर’ म्हणजे रजिस्टर्ड (सिग्नल सांभाळणारी वेगळी चिप असलेली), ‘ई’ म्हणजे ईसीसी (चुका पकडून सुधारायची सोय) असलेली पण रजिस्टर नसलेली, ‘यू’ साधी, ‘एल’ लोड रिड्यूस्ड (बोर्डावरचा भार कमी करणारी). आर आणि ई एकत्र लावले की सर्व्हर सुरूच होत नाही. छोट्या टॉवर सर्व्हरना बहुधा ‘ई’ लागते, मोठ्यांना ‘आर’. दोन्ही डीडीआर४ असल्याने स्लॉटमध्ये बसतात, घोळ तिथेच होतो.

सर्व्हरच्या बहुतेक झिऑन ई५ प्रोसेसरना मेमरीचे चार चॅनेल (रॅमकडे जाणारे रस्ते) असतात. त्यामुळे ३२ जीबीची एक स्टिक लावण्यापेक्षा आठ-आठच्या चार बऱ्या. प्रोसेसर दोन असतील तर दोघांना सारखी वाटणी हवी, आणि दुसरा प्रोसेसर बसवलेलाच नसेल तर त्याच्या बाजूचे स्लॉट मेलेलेच समजा. कुठला स्लॉट आधी भरायचा, हे बहुतेक वेळा झाकणाच्या आतल्या नकाशावर असतं. पण तो नकाशा बघतो कोण?

शॉप फ्लोअरवरच्या पीसीत धातूची बारीक भुकटी शिरते, पावसाळ्यात दमट हवा तिला चिकटवून ठेवते. मशीन बीप देत राहतं, लोक रॅम गेली म्हणतात. ब्लोअरने स्लॉट साफ करायचा आणि सोनेरी पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची. काही जण पट्टी खोडरबराने घासतात, पण त्याचा भुगा स्लॉटमध्ये पडतो, ते टाळलेलं बरं.

डीडीआर५मध्ये नवीनच भानगड. रॅम बदलल्यावर पहिल्यांदा सुरू करताना बोर्ड मेमरीची जुळवणी करतो, स्क्रीन काही मिनिटं काळी राहते. घाबरून पॉवर बंद केली की पुन्हा पहिल्यापासून. चारही स्लॉट भरले तर वेग बराच खाली येतो, म्हणून डेस्कटॉपला आम्ही दोनच मोठ्या स्टिक सुचवतो, त्याही सहसा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये.

मशीन देण्याआधी मेमटेस्ट ८६+ या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामची एक पूर्ण फेरी होते, सर्व्हर रात्रभर चालू ठेवतो. एक जरी एरर आली तरी स्टिक परत. बिलावर पार्ट नंबर लिहून देतो. वर्षाने जोडी लावायची झाली तर तोच लागतो.