घोड्याच्या केसांची दोरी जमली एकदाची!

मंडळी, मावेईश्यूची, म्हणजे घोड्याच्या शेपटीच्या केसांच्या चिनी भरतकामाची, पांढरी दोरी शेवटी एकसारखी उतरली! वेढ्यांत फट नाही, कुठे फुगवटा नाही, आणि बोटाभोवती वळवली की झकास कमान धरते. मागच्या अपडेटपासून हाच एक तिढा घेऊन बसले होते.

चीनच्या ग्वेइचौ प्रांतातल्या सान्दूच्या श्वेई जमातीतल्या बायका शेपटीचे तीन-चार केस एकत्र धरून त्यांवर पांढरं रेशीम गुंडाळतात. ती दोरी नक्षीच्या रेघेवर मांडून बारीक टाक्यांनी बसवायची, मग आतली जागा रंगीत रेशमाने भरायची. सगळी जान त्या उठावदार रेघेत. ती ओबडधोबड झाली, तर आत कितीही सुबक भरा, मी भरतेय ते फुलपाखरू उठून दिसत नाही.

माझी दोरी सुरुवातीला जाड असायची, पुढे बारीक होत जायची आणि तिथेच रेशीम सैल पडून सरकायचं. आधी रेशीम बदललं. पीळदार दोऱ्याच्या वेढ्यांतून काळे केस डोकावतात. बिनपिळाचं रेशीम पसरून बसतं आणि केस पूर्ण झाकतं, त्यामुळे आता तेच वापरायचं हे नक्की. पण जाडीचा प्रश्न तसाच. मग एक केस खिडकीच्या उजेडात धरून दोन्ही टोकं चिमटीत फिरवून पाहिली. मुळाशी राठ आणि जाड, शेंड्याकडे निमुळता. सगळी मुळं एका बाजूला घेतली की दोरी निमुळती होणारच! आता एकाचं मूळ दुसऱ्याच्या शेंड्याशी लावते. शिवाय सगळे केस एका जागी संपू देत नाही. एक संपत आला की बोटभर आधीच नवा आत सरकवायचा, बाकीचे चालूच. परवाच्या दोरीतला जोड मला भिंग लावूनही सापडला नाही. इतका आनंद बऱ्याच दिवसांत झाला नव्हता.

केसांबद्दल: व्हायोलिनच्या गजासाठी मिळणारे पांढरे केस ऑनलाइन मागवले होते. दिसायला देखणे, पण बहुधा ब्लीच केलेले. वळणावर तटातट तुटतात. माथेरानच्या एका घोडेवाल्या काकांनी शेपटी विंचरताना निघालेले केस जपून ठेवले होते, ते कितीतरी चिवट. शाम्पूने धुऊन सावलीत वाळवले की काम झालं. मी तर यापुढे विकतचे घेणार नाही.

पंखाच्या टोकाशी दोरी अजून उसळते. कोपऱ्याच्या अलीकडे एक, पलीकडे एक टाका घट्ट घेतला की थोडी दबते, पण टोक हवं तसं धारदार येत नाही. बाळाला पाठीवर बांधायच्या पट्ट्याचा मधला, फुलपाखराचा चौकोन करायचा बेत होता. पूर्ण पट्ट्याला सान्दूतल्या सरावलेल्या बाईलाही वर्षभर लागतं, म्हणून तेवढाच तुकडा घेतला होता. पण लिहिता लिहिता वाटतंय, फुलपाखरू थांबवावं आणि आधी काठावरची वेटोळी करावीत. त्यांत कोपराच नाही, सगळी गोलाई. या दोरीला तेच मानवेल आणि माझा हातही बसेल. काळं सुती कापड रिंगला लावलेलंच आहे, त्याच्या कडेला जागाही आहे. ठरलं, आज रात्री खडूने वेटोळी काढते. नक्षीत लावायच्या तांब्याच्या टिकल्या मात्र अजून मनासारख्या मिळालेल्या नाहीत. बाजारात सगळ्या प्लास्टिकच्या. कुणाला पातळ, मधोमध भोक असलेल्या खऱ्या तांब्याच्या मिळाल्या असतील, तर दुकान नक्की कळवा.