एमजीबी १७९८ सीसी: तीन पाइपांचा हेडर, टॅकपर्यंत

एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारसाठी हेडर, म्हणजे इंजिनचा जळका गॅस बाहेर नेणाऱ्या पाइपांचा जुडगा, बनवतोय. इंजिन बी-सिरीज, बोअर (सिलिंडरचा व्यास) ८०.२६, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ८८.९ मिमी, दोन एसयू एचएस४ कार्ब्युरेटर, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) स्टॉक, म्हणजे कंपनीचा मूळचा. फ्लॅंज (हेडला बसणाऱ्या जाड पट्ट्या) कापून झाल्या, पाइप टॅकवर, म्हणजे वेल्डच्या तात्पुरत्या ठिपक्यांवर, उभे आहेत, पक्कं वेल्डिंग बाकी.

चार सिलिंडर म्हणून चार पाइप, असं इथे चालत नाही. हेडला (सिलिंडरांवरच्या झाकणाला) एक्झॉस्टची तोंडं, म्हणजे पोर्ट, तीनच. २ आणि ३ नंबर मधल्या पोर्टमध्ये एकत्र येतात. फायरिंग ऑर्डर (पेटण्याचा क्रम) १-३-४-२, त्यामुळे हे दोघे ३६० अंशांच्या अंतराने पेटतात. स्टॉक कॅमवर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बीडीसीच्या (पिस्टन सर्वांत खाली) ५१ अंश आधी उघडतो आणि टीडीसीनंतर (पिस्टन सर्वांत वर) २१ अंशांवर मिटतो, म्हणजे एकूण २५२ अंश. मधल्या पोर्टमध्ये दोघांची गाठ पडतच नाही. १ आणि ४ चंही तेच, म्हणून त्यांना खुशाल वायमध्ये (दोन पाइपांचा एक करणाऱ्या जोडात) जोडा.

भांडण आहे ते या दोन जोड्यांमध्ये. पुढचा पल्स (गॅसचा झोत) १८० अंशांनी येतो आणि आधीच्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह तेव्हापासून आणखी ७२ अंश उघडा असतो. मधला पाइप आखूड ठेवून लगेच वायला जोडला, तर जळका गॅस शेजारच्या सिलिंडरमध्ये उलटा शिरतो. मधला पाइप लांब न्यायचा तो यासाठी. दिसायला छान पण मधला पाइप वीतभर, असे हेडर विकत मिळतात. त्यापेक्षा स्टॉक कास्ट आयर्न बरं. ते मुळातच वाईट नाही, त्यामुळे रोडच्या गाडीत फार मोठ्या फरकाची आशा धरू नका.

लांबीसाठी नेहमीचं सूत्र: ८५० गुणिले (१८० + ५१), भागिले आरपीएम, वजा ३, उत्तर इंचात. ५,००० आरपीएमला ३६.३ इंच, म्हणजे साधारण ९२० मिमी. मधला पाइप सलग ९२० ठेवला. बाहेरचे दोन प्रत्येकी ४५०, पुढे वायपासून कलेक्टरपर्यंत (जिथे सगळे पाइप एक होतात) ४७०. बाहेरच्यांना दीड इंची पाइप, मधल्याला आणि वायच्या पुढे पावणेदोन इंची, कलेक्टरनंतर दोन इंची. सगळं १६ गेज माइल्ड स्टील. स्टेनलेस ३०४ तापल्यावर माइल्ड स्टीलच्या सुमारे दीडपट लांबतं आणि वेल्डच्या कडेला तडे जाण्याचा धोका वाढतो. शिवाय वेल्डला हवा लागू नये म्हणून आतून आर्गॉन वायू सोडावा लागतो, तो वेगळा खर्च.

फ्लॅंजची जाडी आधी ठरवा. इनटेक आणि एक्झॉस्टच्या फ्लॅंज सामायिक स्टडवर एकाच जाड वॉशरखाली दबतात. एक्झॉस्टची फ्लॅंज अर्धा मिलिमीटर जरी जाड झाली, तरी वॉशर तिरका बसतो, इनटेक सैल राहतं आणि आयडलला हवा ओढतं. लोक मग कार्ब्युरेटर पिळत बसतात.

वेल्डिंगसाठी फ्लॅंज निकामी हेडवर नटांनी आवळून ठेवायची. अँबॅसेडरचं १,४८९ सीसी इंजिनही याच घराण्यातलं, त्यामुळे भंगारात तसं हेड मिळालं तर जिग (वेल्ड करताना पकडून ठेवणारा साचा) म्हणून बघता येईल. मात्र आधी एमजीबीचं गॅस्केट त्यावर ठेवून भोकं जुळतात का ते पाहा. टिग वेल्डिंग, ईआर७०एस-२ रॉड, एका वेळी पाव घेर, मग दुसऱ्या पोर्टकडे. पूर्ण थंड झाल्याशिवाय नट सोडायचे नाहीत. नंतर सरळपट्टी आणि फीलर गेज: ०.१ मिमीपेक्षा जास्त फट दिसली तर सरफेस ग्राइंडिंग. ग्राइंडिंगने जाडी घटते, म्हणून कापतानाच मार्जिन ठेवलंय. आतला वेल्डचा मणी पोर्टमध्ये डोकावता कामा नये. पाइपचं तोंड पोर्टपेक्षा किंचित मोठं चालेल, लहान नाही.

लेफ्ट-हँड गाडीत स्टिअरिंग कॉलम याच बाजूला येतो, तिथे वायची जागा बदलावी लागेल. इंजिन रबर माउंटवर डोलतं, त्यामुळे पहिला आधार गिअरबॉक्सला हवा. तो थेट बॉडीला घट्ट बांधला तर वाय फाटतो.

चालू केल्यावर मिक्स्चर लीन (पेट्रोल कमी) निघण्याची शक्यता आहे; स्पार्क प्लगचा रंग पाहून कार्ब्युरेटरला एक पायरी रिच (जास्त पेट्रोल सोडणारी) निडल. पहिल्या दोन-तीन तापण्यांनंतर पितळी नट थंड इंजिनवर पुन्हा आवळायचे.