आमची वाटचाल : गुलाबाकडून सावलीतल्या पानांकडे

नागपूरच्या हिंगणा मार्गावरील आमच्या नर्सरीचा सुरुवातीचा व्यवसाय गुलाब, शेवंती आणि हंगामी फुलांचा होता. धरमपेठ, रामदासपेठ, प्रतापनगर अशा वस्त्यांतील बंगल्यांच्या बागाही आम्ही सांभाळत असू. पुढे त्याच वस्त्यांत एकेक बंगला पाडून फ्लॅट स्कीम उभ्या राहिल्या, शेजारच्या अंगणांवर चार-पाच मजल्यांची सावली पडू लागली आणि ‘गुलाबाला कळीच धरत नाही’ ही तक्रार दर हिवाळ्यात येऊ लागली. उन्हाची उणीव खताने भरून निघत नाही, हे पटवत बसण्यापेक्षा त्या सावलीत जे खुलते तेच लावावे, असे आम्ही ठरवले. कोलियस, कॅलेडियम, अ‍ॅग्लोनिमा, सिंगोनियम आणि रिओ ही पानांच्या शोभेसाठी लावली जाणारी झाडे हळूहळू आमची मुख्य रोपे झाली.

नागपुरात सावलीची वानवा नाही. त्रास आहे तो कोरड्या हवेचा. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या वर जातो, 2013 मध्ये तर तो 47 च्याही पुढे गेला होता, आणि अशा दिवसांत भिंतीच्या आडोशाला ठेवलेल्या झाडांचीही पाने झळांनी कडेकडेने करपतात. म्हणून आम्ही कुंड्या एकमेकींना खेटून मांडतो, पश्चिमेकडून हिरवी जाळी लावतो आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, नवी लागवड करत नाही, मग गिऱ्हाईक कितीही अडून बसो. कॅलाथियाच्या बाबतीत तर आम्ही सरळ नकारही देतो. दमट जंगलातले हे झाड बोअरच्या क्षारयुक्त पाण्यावर टिकत नाही.

मातीचे गणित वेगळेच आहे. इथली काळी माती पावसाळ्यात पाणी धरून मुळे कुजवते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिचे प्रमाण कमी ठेवून आम्ही पालापाचोळ्याचे खत, शेणखत आणि धानाचे तूस मिसळतो. भंडारा-गोंदिया पट्टा जवळ असल्याने तूस सहज मिळते.

सावली म्हणजे अंधार नव्हे, हे मात्र वारंवार सांगावे लागते. पानाच्या पांढऱ्या वा गुलाबी भागात हरितद्रव्य कमी असते. थेट उन्हात तो भाग भाजतो, तर फार अंधारात कोलियसचे रंग मंदावून पाने हिरवट होतात आणि ‘तुम्ही दुसरेच झाड दिले’ असा संशय आमच्यावर येतो. कोलियसला तुरा येऊ लागताच तो शेंड्यासह खुडावा. फुटवे वाढतात आणि खुडलेला शेंडा ओल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) खोचला की त्याला मुळे फुटतात. आमची निम्मी रोपे अशीच तयार होतात.

आमचे खरे वेगळेपण कॅलेडियममध्ये आहे. थंडी सुरू झाली की त्याची पाने पिवळी पडून झोपतात आणि अनेक जण झाड मेले असे समजून कुंडी रिकामी करतात. वास्तविक कंद जिवंत असतो. पाणी हळूहळू तोडून, कंद काढून, कोरड्या रेतीत उबदार जागी ठेवला तर तो उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा कोंब धरतो. ज्यांना हे घरी जमत नाही त्यांचे कंद आम्ही दिवाळीनंतर नावाची चिठ्ठी लावून ठेवून घेतो आणि होळीच्या सुमारास नव्या मातीत लावून परत देतो. त्यासाठी केवळ कुंडी भरण्याचे पैसे आकारतो.