वॉफल हाउसमध्ये काय मागवावं, कसं मागवावं: अटलांटा ते चॅटनूगा

अटलांटाहून आय-७५ ने उत्तरेला निघालं की चॅटनूगापर्यंतच्या दोन तासांत पिवळ्या चौकोनांत एकेक काळं अक्षर असलेली वॉफल हाउस या खाणावळींच्या साखळीची उंच पाटी पुन्हापुन्हा दिसते. पण हायवेला लागण्याआधी अटलांटाच्या पूर्वेचं अव्हॉन्डेल इस्टेट्स बघून घ्यावं. जो रॉजर्स आणि टॉम फोर्कनर या दोन शेजाऱ्यांनी ५ सप्टेंबर १९५५ ला, लेबर डेच्या दिवशी, पहिलं वॉफल हाउस इथे उघडलं. त्या जागेत आता संग्रहालय आहे. आधी वेळ ठरवून जावं लागतं आणि आत खायला काही मिळत नाही. मार्टाने, म्हणजे अटलांटाच्या मेट्रोने, येणाऱ्यांना ब्लू लाइनवरचं अव्हॉन्डेल स्टेशन सोयीचं.

जुन्या काळाचा देखावा हवा असेल तर जॉनी रॉकेट्ससारख्या साखळ्या आहेत. जॉनी रॉकेट्स १९८६ ला लॉस एंजेलिसमध्ये सुरू झाली. तिथे केचपने हसरा चेहरा काढलेली कागदी बशीही मिळते. वॉफल हाउसला असं सजावं लागत नाही. बुटका काउंटर, समोर उघडा तवा, कोपऱ्यात ज्यूकबॉक्स, चोवीस तास उघडं दार, हे सगळं वापरातलंच आहे.

आत गेल्यावर कोणी बसवायला येईल म्हणून थांबू नका, रिकाम्या जागी बसा. एक-दोघं असाल तर काउंटरच घ्या, कारण खरी गंमत तव्यावर असते. बाकड्यांवर चौघं मावतात. सहा-आठ जणांनी दोन गटांत बसायची तयारी ठेवावी. रविवारी चर्च सुटल्यावर आणि शनिवारी बार बंद झाल्यावर जागा मिळणं कठीण. वर्किंग डेला दुपारी निवांत असतं.

आता मुख्य पदार्थ, हॅश ब्राउन: आपल्या बटाट्याच्या किसाचा चुलतभाऊ, फक्त दाणे-जिरं नाही. आकार तीन: रेग्युलर, लार्ज, ट्रिपल. ‘स्कॅटर्ड’ म्हटलं की कीस तव्यावर पसरून भाजतात, त्यामुळे जास्त भाग कुरकुरीत होतो. ‘इन द रिंग’ सांगितलं तर कड्यात भाजतात. मग तो जाड राहतो आणि मधे मऊ. कुरकुरीत हवा तर सोबत ‘वेल डन’ म्हणायला विसरू नका, नाहीतर बरेचदा फिकट येतो.

वर काय घालायचं त्याचे ठरलेले शब्द आहेत. शाकाहारी लोकांनी चालणारे पाठच करावेत: स्मदर्ड म्हणजे परतलेला कांदा, कव्हर्ड म्हणजे वितळलेलं चीज, डाइस्ड टोमॅटो, पेपर्ड हॅलपिन्यो मिरच्या, कॅप्ड मश्रूम. न चालणारे तीन: चंक्ड (हॅम), टॉप्ड (चिली, म्हणजे मांसाचं दाट कालवण) आणि कंट्री (सॉसेजची ग्रेव्ही). ‘ऑल द वे’ म्हटलंत तर हे तिन्ही ताटात येणार. टोमॅटो आणि मश्रूम एकत्र घेतले तर सुटलेल्या पाण्याने कीस लिबलिबीत होतो. आमच्या मते स्कॅटर्ड, स्मदर्ड, कव्हर्ड, पेपर्ड एवढंच पुरे.

पण हे शब्द पाठ असूनही एक अडचण राहते. त्याच तव्यावर बेकन आणि सॉसेज भाजतात. गर्दी नसताना ‘तवा खरवडून घ्याल का’ असं विचारायला हरकत नाही, मात्र वेगळ्या तव्याची अपेक्षा ठेवू नये. ज्यांना हे अजिबात चालत नाही त्यांनी वॉफल, म्हणजे जाळीदार साच्यात भाजलेला जाड घावन, घ्यावा, कारण त्याचं यंत्र वेगळं असतं. पिठात अंडं असतं, हे लक्षात ठेवा. पीकन (अक्रोडासारखा सुकामेवा) घातलेला वॉफल साध्यापेक्षा सरस. अंडंही नको असेल तर टोस्ट आणि ग्रिट्स, म्हणजे मक्याच्या पांढऱ्या कण्या. त्या अळणी असतात. चीज घालून मागा आणि वर मिरपूड घ्या.

ऑर्डर एकेका माणसाची पूर्ण सांगावी, अंड्याच्या प्रकारासकट. वेट्रेस ती ‘पुल, ड्रॉप, मार्क’ अशा क्रमाने मोठ्याने पुकारते: पुल म्हणजे फ्रिजमधून मांस काढा, ड्रॉप म्हणजे हॅश ब्राउन तव्यावर टाका, मार्क म्हणजे ताटावर खूण करा. स्वयंपाकी चिठ्ठी वाचत बसत नाही. जॅमची पुडी, मोहरीची पुडी, लोणच्याची चकती ताटावर कुठे आणि कशी ठेवली आहे, त्यावरून कोणाचं काय हे त्याला कळतं. म्हणूनच मागाहून ‘नको, अंडं स्क्रॅम्बल्ड करा’ म्हटलं की खूण बदलावी लागते आणि गर्दीत नेमकी तीच राहून जाते.

कॉफीचा कप भरत राहतात. बिल टेबलावर ठेवतात, पैसे दाराजवळच्या गल्ल्यावर द्यायचे. टिप शक्यतो रोख, १५ ते २० टक्के. टिप मिळणाऱ्या कामगारांचं केंद्रीय किमान वेतन तासाला २.१३ डॉलर आहे. बिल छोटं असेल तर टक्केवारी न बघता दोन-तीन डॉलर ठेवा.

जून ते नोव्हेंबर या वादळांच्या मोसमात दक्षिणेकडे जाणाऱ्यांसाठी आणखी एक. ही दुकानं सहसा बंद होत नाहीत, म्हणून आपत्ती निवारणाचं काम पाहणाऱ्या फेमाचे तेव्हाचे प्रमुख क्रेग फ्यूगेट त्यांच्यावरून नुकसानीचा अंदाज घेत: पूर्ण मेन्यू म्हणजे हिरवं, मर्यादित म्हणजे पिवळं, बंद म्हणजे लाल. मर्यादित मेन्यू दिसला तर वीज किंवा पाण्याची अडचण आहे असं समजा, असेल ते मागवा, आणि कार्डाचं यंत्र चालेलच असं नाही म्हणून खिशात २०-३० डॉलर सुटे ठेवा.