दुसरं वाचन

आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या हद्दीत, मिस्सेत बायबलमधले उतारे वाचणाऱ्यांची यादी उपवासकाळ, म्हणजे ईस्टरआधीचा प्रायश्चित्ताचा काळ, सुरू होण्याआधीच लागते. 2025 साली राखेचा बुधवार, उपवासकाळाचा पहिला दिवस, 5 मार्चला होता. त्याच्या आदल्या रविवारी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, संपल्यावर मी चर्चच्या फलकावर माझं नाव शोधलं. उपवासकाळातला चौथा रविवार, 30 मार्च, सकाळची दुसरी मिस्सा, दुसरं वाचन. करिंथकरांस दुसरे पत्र, अध्याय 5, ओवी 17 ते 21. एवढंच लिहिलं होतं. मी मोबाइलमध्ये तारीख टिपली आणि केळीचं पान घ्यायला बाजारात गेले.

गेली नऊ वर्षं मी वाचन करते. वसईत आमच्या घरी कादोडी ही आमची बोली बोलतात, त्यामुळे प्रमाण मराठीतलं वाचन मला आजही तयारीशिवाय जमत नाही. आमच्या आजीने उभं आयुष्य लॅटिन मिस्सा ऐकली, हातात माळ धरून, अर्थ न कळता. साठच्या दशकात झालेल्या, जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लोकांच्या भाषेत आली आणि आमच्यासारख्या बायकांना वेदीजवळच्या वाचनपीठावर उभं राहून देवाचा शब्द वाचता आला. ही गोष्ट मी कधी हलकी धरली नाही. म्हणून तीन आठवडे आधी उतारा वहीत उतरवून काढते, कुठे थांबायचं तिथे पेन्सिलीने रेघ मारते आणि रोज रात्री भांडी झाल्यावर मोठ्याने वाचते.

या वेळी मात्र पहिल्याच रात्री अडले. पाच ओव्यांत ‘समेट’ हा शब्द पाच वेळा येतो. देवाने ख्रिस्ताद्वारे आपल्याशी समेट केला, समेटाची सेवा आम्हांला दिली, समेटाचं वचन आमच्याकडे सोपवलं. आणि मध्येच एक तुकडा आहे, लोकांचे अपराध त्यांच्या नावे न मोजता. ‘मोजता’पाशी माझा आवाज बसला.

कारण सांगते. मोठ्या भावाशी मी सहा वर्षं बोलत नव्हते.

बाबा 2014 मध्ये गेले, आई 2019 मध्ये. मागे एक वाडी राहिली, विहीर, केळी, थोडी पानवेल. आई गेल्यावर महिन्याभरात दादाने हक्कसोडपत्राचा, म्हणजे वाडीतला माझा वाटा सोडून दिल्याचा, कागद माझ्यापुढे ठेवला. आमच्याकडे मुली सही करतात, तशी रीतच पडली आहे. पण आम्हा ख्रिस्ती लोकांना 1925 चा भारतीय वारसा कायदा लागू होतो, आणि त्यात मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखाच असतो. मी सही केली नाही. ते चुकीचं केलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. चूक पुढे झाली. आईच्या महिन्याच्या मिस्सेनंतर घरात पंचवीस-तीस माणसं जेवत असताना मी दादाला म्हणाले, ‘‘तुला आई नको होती, सातबारा हवा होता.’’ वहिनीच्या हातात भाताचं भांडं होतं, ते तिने तसंच खाली ठेवलं.

त्यानंतर आम्ही एकाच चर्चमध्ये जात होतो, पण तो डावीकडे बसायचा आणि मी उजवीकडे. मिस्सेत एकमेकांना शांती चिंतायची वेळ येते, त्या शांतिचिन्हाच्या वेळी मी मागच्या बाकाकडे वळून हात जोडायचे, म्हणजे त्याच्याकडे बघायला नको. दरम्यान त्याने सरकारी मोजणीला अर्ज केला, मी हरकत घेतली, तारखा पुढे जात राहिल्या.

14 मार्चला धुळवड होती, सुट्टी होती, म्हणून सकाळच्या मिस्सेला गेले. उपवासकाळातल्या पहिल्या आठवड्याचा शुक्रवार. त्या दिवशीचं शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या जीवनावरचं वाचन, दरवर्षी तेच असतं, मत्तय 5. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी जाऊन भावाशी समेट कर. हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. पण एक गोष्ट त्या दिवशी पहिल्यांदा कानात शिरली. तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर, असं येशू म्हणत नाही. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर, असं म्हणतो. सहा वर्षं मी माझ्याच मनात काय आहे ते बघत बसले होते. त्याच्या मनात काय असेल, याचा विचारही केला नव्हता.

संध्याकाळी क्रूसाच्या वाटेला, म्हणजे येशूच्या दुःखसहनाच्या प्रार्थनेला, गेले. चौदा स्थानकं, प्रत्येक ठिकाणी गुडघे टेकायचे. माझे गुडघे आता दुखतात, पण त्या दिवशी मन दुसरीकडेच होतं.

तरीही लगेच उठून गेले नाही. आधी कन्फेशनला, म्हणजे फादरांपुढे आपली पापं कबूल करायला, जायचं ठरवलं. वर्षातून एकदा मी जातच असे, पण दादाचा विषय दरवेळी वळसा घालून टाळायचे. ‘राग आला, वाईट बोलले’ एवढ्यावर भागवायचे. या वेळी तयारी केली. आमच्याकडे तिसऱ्या आठवड्यात प्रायश्चित्तविधी असतो, आजूबाजूच्या धर्मग्रामांतले सात-आठ फादर येतात आणि चर्चभर अंतराअंतरावर खुर्च्या टाकून बसतात. माहीत नसलेल्या फादरांपाशी बोलणं सोपं जातं, हे मी कित्येकींकडून ऐकलंय. बुधवारी, 26 मार्चला, मी अशाच एका वयस्कर फादरांपुढे बसले.

कन्फेशनचं गुपित फादरांना पाळावं लागतं. मला माझ्यापुरतं सांगायला बंदी नाही, म्हणून लिहिते. मी म्हणाले, ‘‘फादर, मी हिशोब ठेवला.’’ खरंच ठेवला होता. आईच्या शेवटच्या आजारपणात मी सत्तावीस रात्री हॉस्पिटलात काढल्या, दादा चार. औषधांचे पैसे कुणी किती दिले. आईच्या बांगड्या कुणाकडे गेल्या. हे सगळं मला तोंडपाठ होतं, माळेच्या मण्यांसारखं.

फादरांनी विचारलं, ‘‘आणि त्याच्या बाजूच्या पानावर काय लिहिलंय?’’

मी गप्प बसले. ते पान कोरंच होतं. मग हळूहळू आठवू लागलं. बाबांना अर्धांगवायू झाला तेव्हा मी सासरी होते, दोन लहान मुलं होती. अडीच वर्षं बाबांना उचलून बाहेर ओट्यावर आणून बसवणारा दादा होता. वाडी पडीक पडू दिली नाही ती त्याने. विहीर आटली तेव्हा कर्ज काढून खोल करून घेतली ती त्याने. मी चार रात्री मोजल्या. ती अडीच वर्षं मोजली नव्हती.

मग मी विचारलं, मला सही करावी लागेल का? मला खरंच वाटत होतं की माफी मागायची तर हक्कही सोडायला हवा. फादर स्पष्ट म्हणाले, ‘‘हक्क सोडा असं मी म्हणत नाही. जमिनीचा प्रश्न कायद्याने सोडवा. जे बोललात त्याची माफी मागा. दोन्ही गोष्टी एकत्र बांधू नका.’’ प्रायश्चित्त म्हणून त्यांनी मला तेच वाचन दिलं, करिंथकरांचं. मी सांगितलंही नव्हतं की रविवारी ते माझ्याकडेच आहे.

शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमारास वाडीत गेले. रस्ता विसरले नव्हते, पण कुंपणापाशी नवं फाटक होतं, ते उघडायला वेळ लागला. दादा विहिरीच्या कठड्यावर बसला होता. किती म्हातारा झाला होता. चर्चमध्ये डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघताना हे कधी दिसलं नव्हतं.

‘‘दादा, मी आलेय.’’

‘‘लाईट गेलीय. मोटर बंद आहे,’’ तो म्हणाला.

मी उभ्याउभ्याच बोलले, कारण बसले असते तर विषय भलतीकडे गेला असता. ‘‘आईच्या मिस्सेच्या दिवशी मी जे बोलले ते खोटं होतं. चार माणसांत बोलले. मला माफ कर.’’

तो बराच वेळ विहिरीत बघत राहिला. मग म्हणाला, ‘‘ते मला रोज आठवतं.’’ बस, एवढंच. माफ केलं असं म्हणाला नाही. मीही आग्रह धरला नाही. थोड्या वेळाने त्यानेच विचारलं, ‘‘कागदाचं काय?’’

‘‘सही करणार नाही. माझं नाव राहू दे. पण केळी तूच लाव, मी आड येणार नाही. मोजणीवरची हरकत मागे घेते.’’

‘‘बघू,’’ तो म्हणाला. ‘‘चहा घेऊन जा.’’

वहिनीने चहा दिला, आणि निघताना राजेळीची सुकेळी, म्हणजे उन्हात सुकवलेली गोड केळी, केळीच्या सोपटात बांधून हातात दिली. ती दर वर्षी करते, आई करायची तशीच. उपवासकाळात मी गोड सोडलं होतं, म्हणून घरी येऊन डब्यात ठेवली. ईस्टरपर्यंत.

रविवारी पहाटे शेजारच्या आळीत गुढ्या उभारायची लगबग होती, पाडवा त्याच दिवशी आला होता. चर्चमध्ये फादरांनी गुलाबी वस्त्रं घातली होती. उपवासकाळातला हा एकच रविवार जांभळ्याऐवजी गुलाबी असतो, निम्मी वाट सरली म्हणून आनंद करायचा. वेदीवर फुलंही होती. पहिलं वाचन यहोशवाच्या पुस्तकातलं. वाळवंटातून आलेले लोक गिलगाल इथे तळ देतात, वल्हांडण सण साजरा करतात, त्या भूमीचं पीक खातात आणि दुसऱ्या दिवसापासून मान्ना, वाळवंटात देव देत असलेलं अन्न, बंद होतो. जमिनीचं पीक खाल्लं, हे ऐकताना माझे हात थंड पडले होते. प्रतिसाद स्तोत्र संपलं. मी उठले.

पहिल्या दोन ओव्या नीट गेल्या. ‘न मोजता’ आलं तेव्हा वहीत मारलेली पेन्सिलीची रेघ मला दिसली, आणि मी थांबले. ठरवलं होतं त्यापेक्षा जास्त वेळ थांबले असेन. मान वर केली नाही. पत्र लिहिणारा संत पौल पुढे विनंती करतो, ख्रिस्ताच्या वतीने, हात जोडून मागावी तशी. आतापर्यंत असे उतारे मी घोषणेसारखे वाचत असे, आवाज चढवून. त्या दिवशी आवाज खाली आला आणि माइकवाल्या मुलाला बटण वर करावं लागलं.

शुभवर्तमान उधळ्या पुत्राचं होतं: वाटा उधळून परतलेल्या धाकट्या मुलाला बाप आनंदाने घरात घेतो. त्यातल्या थोरल्या भावाला मी आजवर कधी बरं मानलं नव्हतं. इतकी वर्षं मी तुमची चाकरी करतो, मला साधं करडूसुद्धा दिलं नाहीत, असा हिशोब तो बापापुढे मांडतो. माझ्या सत्तावीस रात्री त्याच सुरात होत्या. त्या गोष्टीत तो शेवटी घरात जातो की नाही, हे शुभवर्तमान लिहिणारा लूक सांगत नाही. बाप बाहेर येऊन त्याला विनवतो, तिथेच गोष्ट थांबते.

शांतिचिन्हाच्या वेळी मी डावीकडे वळले. दादा तिसऱ्या बाकावर होता. त्याने हात जोडले, मान जरा खाली घातली आणि पुन्हा समोर बघू लागला.

मे महिन्यात मोजणीची नवी तारीख मिळाली. आदल्या रात्री त्याचा फोन आला, सहा वर्षांतला पहिला.

‘‘उद्या नऊला मोजणीवाले येतील. तू आठलाच ये. नाश्ता करून येऊ नकोस, वहिनी करतेय.’’